काकडीची भिंत

"भिंत दिलीस? अरे मेल्या, भिंत कोन कोनाला देतं काय?"

"आये, पाडायचीच होती ना ती? त्यांनी टेंपो आणला, माणसं आणली, उचलून नेली. आपल्याला घमेलंभर माती उचलायला लागली नाय. आन् तू माझ्यावरच वराडतेस!"

"माझी काकडी होती तिच्यात!"

भिंतीत काकडी होती, हे ऐकून बाहेरच्या माणसाला वाटेल म्हातारीचं डोकं फिरलंय. पण धाकलूला सगळं माहीत होतं. माहीत होतं आणि तरी तो विसरला होता, म्हणूनच त्याला जास्त राग येत होता. स्वतःचा राग आला की तो दुसऱ्यावर काढायची त्याची सवय होती, आणि दुसरं कोणी समोर नव्हतं.

त्याच्या आईची, जानीची काकडी म्हणजे बोटाएवढी, अंगावर बारीक काटे. नुसती खाल्ली तर काही खास नाही, पण मिठाच्या पाण्यात मुरवली की वर्षभर दाताखाली करकर वाजते. तिचं बी जानी लग्न होऊन आली तेव्हा मुरबाडकडच्या माहेराहून आणलेलं. पावसाळा सरता सरता ती एक काकडी वेलावरच पिवळी होऊ द्यायची, बी काढायची, राख नि शेणात मळायची आणि त्याचे गोळे चुलीवरच्या भिंतीला थापायची. मग त्याला कीड लागत नाही आणि उंदीरही तोंड लावत नाही.

ती भिंत कुडाची. कारवीच्या काठ्या, वर माती, त्यावर शेण. शेजारी सिमेंटचं नवं घर उभं राहिलं, तेव्हा जुनं झोपडं पाडायचं ठरलं. तेवढ्यात तानशाच्या रस्त्याला रिसॉर्ट झालंय, तिथला मॅनेजर अनंता आला. त्याला गावठी लुक पाहिजे होता. त्यानं भिंत बघितली आणि त्याचे डोळे चमकले. चार माणसांनी कूड खालून सोडवला आणि दारासारखा अख्खा उचलून टेंपोत आडवा घातला. जानी तेव्हा भावाकडे हळदीला गेली होती.

"शहापूरला पाकिटात बी मिळतं," धाकलू म्हणाला आणि खरंच जाऊन घेऊन आला. जानीनं पाकिटावरचा फोटो बघितला.

"ही काकडी हाय का दुधी? बरणीत घालायला हिला गुडघं मोडून बसवाया लागंल."

"मग मामाकडून आण."

"त्यांच्याकडं कधीच संपलं. माझ्याकडंच तेवढं राहिलंय. राहिलं व्हतं." मग जानीनं गाठोडं उचललं आणि अंगणातल्या आंब्याखाली जाऊन बसली. "बी येईल तवा मी त्या घराचा उंबरा ओलांडीन."

आता घर नवं, रंग ओला, आणि म्हातारी झाडाखाली. वाटेनं जाणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? शेजारचा जैतू मुद्दाम थांबून म्हणाला, "काय गो जानी, नवं घर झालं आन् सुनंनं भायेर काढली काय?"

जानीनं नुसता उसासा टाकला. शिवीपेक्षा तो उसासा लांब ऐकू गेला.

संध्याकाळी दामिनीनं नवऱ्यासमोर ताट आपटलं. "भिंत तुमी दिली आन् लोक मला बोलतात. एक तर ती भिंत आणा, नायतर तुमी पण आंब्याखालीच झोपा."

पाऊस तोंडावर आला होता. बी आठ-दहा दिवसांत मातीत जायला पाहिजे होतं. धाकलूनं अनंताला फोन लावला.

"अनंताशेठ, ती आमची भिंत जरा परत पायजे व्हती."

"जरा म्हणजे?"

"सगळी नको. वरचे गोळे तेवढे."

"गोळे? अरे धाकल्या, गोळ्यांसाठीच तर नेली! लोक येऊन फोटो काढतात. वरून वॉर्निश मारलंय." आणि अनंतानं फोन ठेवून दिला.

रविवारी सकाळी धाकलूनं बाईक काढली. मागं जानी बसली, मांडीवर विळा घेऊन. रिसॉर्टच्या गेटवर वॉचमन आडवा आला. "आजी, विळा आत नाय न्यायचा."

"मग काकडी काय दातांनी काढू?" जानी म्हणाली आणि आत गेली. तिला दुसऱ्यांदा अडवायचं धाडस वॉचमनला झालं नाही.

भिंत जेवणाच्या हॉलमध्ये उभी होती. चारी बाजूंनी लाकडी चौकट, वर पिवळा दिवा. गोळे असे चमकत होते की जणू तुपात तळलेत. समोर मुंबईकडचे पाव्हणे नाश्त्याच्या बशा घेऊन उभे, आणि अनंता त्यांना हात करकरून सांगत होता, "हे गोळे म्हणजे नक्षत्रं. आमच्या भागातली जुनी कला आहे ही. आणि हा सगळ्यात मोठा, हा चंद्र."

"चंद्र?" जानी मागून म्हणाली. "तो दुधीचा हाय. काकडी त्याच्या बाजूला."

आणि तिनं विळ्याचं टोक नक्षत्राखाली घातलं.

"मावशी! मावशी, हात लावू नका! धाकल्या, धर तिला!"

"तू धर. मी नाय धरत," धाकलू म्हणाला. आईच्या हातातल्या विळ्याची त्याला लहानपणापासून ओळख होती.

गोळा टक करून सुटला. जानीनं आजूबाजूला बघितलं. जवळच्या टेबलावर हात धुवायचं लिंबू घातलेलं कोमट पाणी वाटीत ठेवलं होतं. तिनं गोळा त्यात टाकला, दोन बोटांनी चोळला, आणि वाटीच्या तळाला बी दिसायला लागलं. पांढरं, टपोरं, जसं काल घातलं तसं. जानी पहिल्यांदा हसली.

पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रम नाश्त्यातच येतो. एक मॅडम म्हणाल्या, "लाइव्ह दाखवतायत! मी पण एक काढू?" त्यांनी नखानं एक उपटला, त्यांचं बघून दुसऱ्यानं, मग पोरं धावली. बघता बघता आकाश रिकामं झालं.

"ओ दादा, ठेवा ते! ओ ताई, पर्समध्ये नका टाकू, ती काकडी हाय!" धाकलू एकेकाच्या मागं पळत होता. एका पोरानं तर गोळा चावून बघितला आणि त्याच्या आईनं किंकाळी फोडली. एक गाडी गेटमधून बाहेर पडता पडता धाकलूनं अडवली. आतल्या साहेबांनी काच खाली केली. "अरे, हे माझं नक्षत्र आहे. माझ्या मुलानं काढलंय."

"सायेब, तुमच्या नक्षत्राला पावसात काटं फुटतील. द्या हिकडं."

साहेबांनी काटे म्हटल्यावर लगेच दिलं.

बरेचसे गोळे मिळाले. जानीनं ते पदरात बांधले, दुधीचा चंद्र अनंताच्या हातावर ठेवला. "ह्यो तुला ऱ्हाऊदे. दुधी मिळतो कुठंबी." आणि घरी आल्यावर ती उजवा पाय पुढं टाकून नव्या घरात शिरली. दामिनीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि तोही जैतू बघत असतानाच.

बी पेरलं, उगवलं, मांडवावर चढलं. पावसाळ्यात दोन बरण्या भरल्या. एक काकडी पिवळी होईस्तोवर वेलावर ठेवली, जानीनं बी काढलं, राखेत-शेणात मळलं आणि नव्या घराच्या गुलाबी भिंतीला थापलं.

"आये, ऑइलपेंट हाय तो!" दामिनी ओरडली.

तिला ओरडायची गरजच नव्हती. गोळा गुळगुळीत रंगावरून सावकाश घसरला आणि टाइलवर पडला. दुसरा थापला, तोही पडला. सगळा पाडा पालथा घातला, सगळीकडे सिमेंट झालेलं. कोणाकडेही शेण धरून ठेवणारी भिंत उरली नव्हती.

कूड उरला होता एकच, तानशाच्या रस्त्यावर, पिवळ्या दिव्याखाली.

जानीनं स्वतःच्या हातानं अनंताला फोन लावला. अनंताला तर देव पावला. पाव्हणे सारखे विचारत होते, ते नक्षत्रं काढायचं कधी असतं? तो म्हणाला, मावशी, बी कायमचं इथं ठेवा, तुमच्या काकडीला कोण हात लावत नाय. फक्त दर रविवारी पाव्हण्यांसमोर थापायला कोणीतरी यायला पाहिजे. त्यांना काढायला नुसत्या शेणाचे गोळे पण चालतील.

"मला टाइम नाय," जानी म्हणाली. "धाकलू येईल."

तेव्हापासून रविवारी सकाळी धाकलूच्या अंगात रिसॉर्टचा पिवळा टी-शर्ट असतो आणि बाईकच्या हँडलला बादली.

"कलाकार," दामिनी दारातून म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

"हसतेस काय? गेटवर जाईस्तोवर माझा जीव जातो. त्या मॅडम मला सर बोलतात, हातात शेण असताना!"

"मग चहा पिऊन जा, सर."

"नको. निघतो मी. शेण सुकतंय."