चार मिनिटं बारा सेकंद

शनिवारी, बँकेला सुट्टी असताना, दुपारी दोन चौदाला झोनल ऑफिसातून रस्तोगी साहेबांचा फोन येऊन गेला होता. बोलणं झालं होतं चार मिनिटं बारा सेकंद. असं मोबाइल सांगत होता. मधुसूदनला त्यातला एकही सेकंद आठवत नव्हता.

कारण दोन ते दोन वीस त्याची डुलकी असे. रात्रभर झोपणं हा शुद्ध आळस, दर चार तासांनी वीस मिनिटं झोपलं की माणसाला पुरतं, असं त्याने कुठेतरी वाचलं आणि नऊ दिवसांपूर्वी दिवसाला सहा डुलक्या सुरू केल्या. रोज सहा तास वाचू लागले. त्या सहा तासांत तो पुढच्या डुलकीची वाट बघे.

"रुचा, मी फोनवर काय बोललो गं?"

उत्तरेतच वाढलेल्या, घरातही हिंदी बोलणाऱ्या लेकीने पुस्तकातून मान वर केली नाही. "बाबा, आप बस 'जी सर' बोल रहे थे. 'जी सर, बिल्कुल सर.' बीच में एक खर्राटा."

"किती वेळा जी सर?"

"गिने नहीं. बहुत."

बँकेच्या बदल्यांची यादी सोमवारी लागणार होती. डिब्रूगडला कोणीतरी जायचं होतं आणि साहेब दोन दिवस एकेकाला फोन करून गळ घालत होते. रुचाची दहावी तोंडावर. बायकोची, विनयाची, इंदिरा नगरच्या शाळेतली नोकरी आत्ता कुठे कायम झालेली. आणि हा बहुतेक 'बिल्कुल सर' म्हणून मोकळा झाला होता.

झोपेतलं हो कोणी धरत नाही, असं तो स्वतःला समजावत होता, तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारचे निगमसाहेब. हातात पिंजरा, पिंजऱ्यात पोपट.

"आपने परसों फ़ोन पर फ़रमाया था, दस दिन हम रख लेंगे. बस, मिर्च ज़रा कम दीजिएगा."

"मैंने? कितने बजे?"

"यही कोई सवा दो."

पोपट आत आला. पाठोपाठ महाराष्ट्र मंडळाच्या विनीताताईंचा फोन. "काय हो, पाडव्याच्या श्रीखंडाचा चक्का कधी बांधताय? साठ पानं आहेत."

"मी कधी म्हणालो?"

"वा! बुधवारी विचारलं, कराल का, तर म्हणालात, जी सर. मला सर म्हणालात, तेही मी मनावर घेतलं नाही!"

विनया शाळेतून आली, तिने पोपट पाहिला, सगळं ऐकून घेतलं आणि पर्स खाली टाकली. "जागेपणी साधा गॅसचा नंबर लावायला तुम्ही नाही म्हणता. आणि झोपेत डिब्रूगड?"

"साहेबांनाच विचारू का, काय ठरलं म्हणून?"

"काय विचाराल? सर, मी काय म्हणालो? त्यापेक्षा पोपटाला विचारा."

सहा वाजले. डोक्यावर एवढं आभाळ कोसळलेलं असताना मधुसूदनला झोप लागणं शक्यच

(वीस मिनिटं)

नव्हतं. पण लागली. डोळे उघडले तर विनया उशाशी बसलेली, हातात त्याचा फोन.

"साहेबांचा फोन आला होता. मी उचलला."

"बिऱ्हाड कधी हलवायचं?"

"ऐका तर. दुपारी साहेबांनी विचारलं, 'डिब्रूगढ़ जाओगे?' तुम्ही म्हणालात, जी सर. साहेब खूश. मग विचारलं, 'कोई दिक्कत तो नहीं?' जी सर. 'मतलब, दिक्कत है?' जी सर. 'तबीयत ख़राब है?' बिल्कुल सर. 'सीरियस है?' तेव्हा तुम्ही घोरलात."

"अरे देवा. मग?"

"त्यांना वाटलं, धाप लागली. म्हणाले, 'भाभीजी, बाक़ी सब भले-चंगे होकर रो रहे हैं, और ये बेचारा इस हालत में भी मना नहीं कर रहा था.' नाव खोडलं यादीतून."

"तू काय म्हणालीस?"

"मीही म्हटलं, जी सर."

मधुसूदनने इतका मोठा सुस्कारा सोडला की रुचा आतून बघायला आली. तो उशीवर कोसळला. डिब्रूगड गेलं, दहावी वाचली, नोकरी वाचली.

"उद्या अकराला साहेब तुम्हाला बघायला येणार आहेत," विनया म्हणाली.

तो ताडकन उठून बसला. "आता कुठला आजार सांगायचा? चेहरा कसा करायचा? खोकू का?"

"काही करू नका. आधी ते गजर बंद करा."

त्याने सहाही गजर पुसून टाकले आणि उद्या कसलं सोंग आणायचं याचा नीट विचार करता यावा म्हणून डोळे मिटले.

रविवारी बरोबर अकराला रस्तोगी साहेब आले.

"कब से सो रहे हैं?"

"कल शाम साढ़े छह से," विनया म्हणाली. खोटं बोलायची वेळच आली नाही.

साहेबांनी खोलीच्या दारातूनच पाहिलं. तोंड उघडं, एक हात पलंगाखाली, माणूस साडेसोळा तास हललेला नाही. त्यांनी डाळिंबांची पिशवी आवाज न करता खाली ठेवली, मान हलवली, आणि दोन मजले उतरून होईपर्यंत बूट हातातच धरले.