मालक कोण?

आमचे सोनवणे भाजीवाल्याला सुटे पैसे मोजून देतात, कारण पैसे पाठवायचं एकही अ‍ॅप त्यांच्या फोनवर चालत नाही. हा फोन सुरक्षित नाही असं बँक म्हणते, आणि या एका बाबतीत माझं बँकेशी एकमत आहे.

इंदिरानगरात हे गृहस्थ माझ्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे फोनला लागले. दुकानातून आणलेला फोन आहे तसा वापरणं यांना कमीपणाचं वाटतं. कंपनीची कुलपं तोडायची, तिचं सगळं पुसायचं आणि जगाच्या पाठीवर कुठल्या तरी रिकामटेकड्याने घरी बसून बनवलेलं फुकटचं सॉफ्टवेअर आत भरायचं. का, असं विचारलं की प्रश्न अंगावर येतो, "मालक कोण? पैसे आपण द्यायचे आणि कुलूप कंपनीचं?"

या मालकीपायी त्यांच्या कॅमेऱ्यात माणसं हिरवी दिसतात आणि सकाळचा गजर दुपारी वाजतो. "पुढच्या व्हर्जनमध्ये होईल नीट." पुढचं व्हर्जन आलं की माणसं गोरी होतात आणि आवाज जातो. सोसायटीच्या बैठकीत लिफ्टची तक्रार निघाली तेव्हाही हे उठून म्हणाले, "लिफ्टचा मालक कोण?" हल्ली त्यांना बैठकीला कोणी बोलवत नाही.

माझी अक्कल गहाण पडली होती म्हणून माझा जुना, मंदावलेला फोन मी त्यांना दिला. आठवड्याने म्हणाले, "वीट झाली, भाऊ." म्हणजे मेला. "होतं असं. शिकायला मिळालं." शिकणार हे, आणि मरणार माझा फोन.

परवा दुपारी, निदान सांगाडा तरी भंगारात घालू म्हणून वर गेलो. सोनवणे लसूण सोलत बसले होते. समोर त्यांचा फोन होता, त्यातून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"माझा फोन द्या," मी म्हणालो.

ते पहिल्यांदाच गडबडले. "तो नंतर जिवंत झाला. सटाण्याला आहे. आईच्या उशाशी."

"माझा फोन?"

"तिचे हात चालत नाहीत, भाऊ. उचलायला बोट फिरवावं लागतं. घरातले दिवसभर कांद्याच्या शेतात. म्हणून मी असा केला, की माझा कॉल आपोआप उचलतो. इकडे यायला ती तयार नाही, आणि तिकडे माझा सख्खा भाऊ मला उंबरा चढू देत नाही." मग खाली बघून म्हणाले, "परत मागाल म्हणून बोललो नाही."

त्यांचाच प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. चोर सापडल्याचा आनंदही झाला होता, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात फोनमधून थकलेला आवाज आला, "आंडोर, शे का रे?" म्हातारी, पोरा आहेस का, एवढंच विचारत होती.

सोनवणे लसूण टाकून फोनवर वाकले. आमच्यात कधी न काढलेल्या अहिराणीत म्हणाले, "शे, माय. आठेच शे." इथेच आहे, म्हणे.

कोंबड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मला भरून आलं, आणि याही गोष्टीसाठी मला त्यांचा रागच आला. मी खाली आलो, खणातून त्या फोनचा मूळचा चार्जर शोधला आणि वर नेऊन त्यांच्यापुढे ठेवला.

"हा सटाण्याला पाठवा," म्हटलं. "आणि यात काही सुधारणा करू नका."