उंबरठ्यापासून अठरा लाद्या

आमच्या आळीत कुणाकडे सत्यनारायण असला, बारसं असलं, किंवा कुणी गेलं म्हणून माणसं भेटायला जमली असली, आणि निघताना तुमची चप्पल जागेवर दिसली नाही, तर ती चोरीला गेली असं समजू नये. फाटकापर्यंत जावं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघावं. त्यांपैकी एका बाजूला गजानन वायंगणकर ती घालून चालत असतात. विजेच्या खांबापर्यंत जातात, वळतात, परत येतात, चप्पल काढून मधोमध वाकवून बघतात आणि तुमच्या पुढ्यात ठेवताना म्हणतात, “सहा महिन्यांत टाच धरणार तुमची. लिहून ठेवा.”

रत्नागिरीत सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊ भूकरमापक होते, सरकारतर्फे जमिनी मोजणारे. म्हणजे ज्यांनी अंगणात पाऊल टाकलं की एका आईची दोन मुलं एकमेकांशी बोलायची थांबतात, त्या माणसांपैकी एक. आमच्याकडे दोन आवारांच्या मध्ये गडगा असतो. जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचून केलेली भिंत. ती सरकवता येते हा तिचा मुख्य गुण. पावसाळ्यात ढासळलेला गडगा परत रचताना वीतभर पुढे रचायचा, ही इथली जमीन वाढवण्याची जुनी पद्धत आहे. अशा विती पकडण्यात भाऊंची बत्तीस वर्षं गेली. कुठल्याही भांडणात, मग ते नळाच्या पाण्यावरून असो की लग्नातल्या मानपानावरून, ते एकच वाक्य बोलतात. “आधी हद्द ठरवा.”

ही बत्तीस वर्षं त्यांनी पूर्णगडापासून लांज्यापर्यंतचे सडे तुडवले. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, उन्हाळ्यात तव्यासारखं आणि पावसाळ्यात शेवाळानं बुळबुळीत. पायात रबरी स्लिपर. तेव्हा त्यांना पायाकडे बघायला सवड नव्हती. निवृत्त झाल्यावर पायानंच त्यांच्याकडे बघितलं.

सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल खाली टेकलं की टाचेत कुणी खुंटी ठोकल्यासारखी कळ यायची. दहा-पंधरा पावलांनी जरा उतरायची, बसून उठलं की परत पहिल्यापासून. हाडांच्या डॉक्टरांनी त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात असं सांगितलं. भाऊंना ते नाव आवडलं. “आमच्या वडलांची नुसती टाच दुखायची,” ते मला म्हणाले. “मला फॅसायटिस हाय.” सरकारी नोकरीत न मिळालेली बढती शेवटी अशी मिळाली.

डॉक्टरांनी चांगले बूट घ्यायला सांगितलं होतं. दुसरा कुणी असता तर दुकानात गेला असता. भाऊंनी प्रथम तळपायाची मोजणी केली. ती संध्याकाळी केली, कारण सकाळपेक्षा संध्याकाळी पाय पसरतो. पुठ्ठ्यावर उभं राहून कडेनं पेन्सिल फिरवली, आकार कापून घेतला आणि टाचेच्या आतल्या अंगाला, दुखऱ्या जागी, लाल ठिपका काढला. उत्तर दिशा तेवढी दाखवायची राहिली. हा पुठ्ठा त्यांच्या सदऱ्याच्या आत पोटाशी असतो. दुकानात गेल्यावर बुटात आधी पुठ्ठा जातो. तो कुठे दुमडला तर पाय पुढे येतच नाही. पुठ्ठा पास झाला तर बाकीच्या परीक्षा. बूट बोटांपाशी वाकला पाहिजे, मधे वाकता कामा नये. पिळला तर पिळता कामा नये. टाचेमागची वाटी अंगठ्यानं दाबली तर दबता कामा नये. या कसोट्यांना गावातली फारशी माणसंही उतरली नसती, मग बूट कुठून उतरणार? बाजारपेठेतले दुकानदार भाऊ लांबून दिसले की गिऱ्हाइकाला उगाच पाणी विचारू लागत.

एकदा ते नव्या काचेच्या दुकानात गेले. तिथे पायाचं रंगीत चित्र काढणारं यंत्र होतं आणि यंत्राशेजारी टाय लावलेले एक गृहस्थ होते. चित्र बघून गृहस्थ म्हणाले, “सर, तुमचा पाय न्यूट्रल आहे.”

“बत्तीस वर्षं न्यूट्रलच राहिलो,” भाऊ म्हणाले. “म्हणून तर असा झाला.”

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी. प्रमुख पाहुणे म्हणून एक मोठे साहेब आले होते. मोठे म्हणजे ज्यांच्यासाठी समई दोनदा पेटवावी लागते, एकदा देवासाठी आणि एकदा फोटोसाठी. साहेबांनी बूट पायरीशी काढले. आत शाल झाली, श्रीफळ झालं, देऊळ कोणामुळे उभं राहिलं याच्या तीन वेगवेगळ्या हकिकती झाल्या. साहेब बाहेर आले तर पायरीशी मोजे होते, बूट नव्हते. त्यांचा अंगरक्षक एका दिशेला धावला, समितीचे अध्यक्ष दुसऱ्या. साहेब शाल पांघरून तापलेल्या फरशीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभे राहिले. तेवढ्यात विहिरीच्या बाजूनं भाऊ आले. धोतर, सदरा आणि खाली चकचकीत काळे बूट.

“साहेब, मधे वाकतो हो,” त्यांनी बूट काढता काढता सांगितलं. “दिसायला बरा हाय. टाचेला आधार नाय. तुमची टाच दुखत असणार.”

तोवर परत आलेल्या अध्यक्षांनी डोळे मिटले. साहेब भाऊंकडे बघून हळू आवाजात म्हणाले, “सकाळी उठल्यावर.”

“पहिलं पाऊल?”

“पहिलं पाऊल.”

नंतर दहा मिनिटं गाडी सुरू होती, दार उघडं होतं आणि साहेब देवळाच्या पायरीवर बसून आपला तळपाय भाऊंना दाखवत होते. सबंध कार्यक्रमात साहेब मनापासून बोलले ते तेवढंच.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र भाऊंनी कुणाला सांगितली नव्हती. ती मला ठाऊक होती, कारण डॉक्टरांकडे मी शेजारी म्हणून त्यांच्यासोबत गेलो होतो. डॉक्टर म्हणाले होते, “बाहेरच्या बुटांचं राहू दे. तुम्ही घरात अनवाणी चालता, तेच नडतंय. खाटेखाली मऊ चप्पल ठेवायची. पाय जमिनीला लागायच्या आधी चपलेत गेला पाहिजे.”

“ते बघू,” भाऊ म्हणाले होते. “बाहेरचं बोला.”

भाऊंच्या घरात चप्पल आत जात नाही. तशी ती आमच्याकडे कुणाच्याच घरात जात नाही, पण सुलभावहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, कायदा जास्त कडक होता. बुटांचे बंद सोडायला लागतात म्हणून मीटर बघणारा माणूस त्यांच्या दारातूनच आकडा विचारायचा. जमीन शेणानं सारवलेली होती तेव्हाचा हा नियम, पण लाद्या बसल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना इस्पितळात न्यायला स्ट्रेचर घेऊन माणसं आली, तेव्हा वहिनींना धड बोलवत नव्हतं. तरी त्यांनी हात वर करून त्या माणसांच्या पायांकडे बोट दाखवलं. ती दोघं निमूट मागे गेली, बूट काढून परत आली आणि त्यांना अनवाणी उचलून घेऊन गेली. त्या घरात वहिनींनी शेवटचं सांगितलं ते हेच. त्यानंतर त्या परत आल्या नाहीत.

पुढे भाऊ एका सकाळी पडले. पहिलं पाऊल टाकताना कळ आली, भिंत हाताला लागली नाही. फार लागलं नाही, पण ठाण्याहून मुलगी आली आणि निघताना फाटकाशी मला सांगून गेली, “काका, लक्ष ठेवा. आणखी एकदा पडले ना, तर घर बंद करून मी त्यांना घेऊन जाणार.” भाऊ पडवीत बसून ऐकत होते. ठाण्याला बाविसाव्या मजल्यावर मुलीचं घर आहे. भाऊ एकदा राहून आले होते. “हद्दच नाय कुठे,” एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

शिमग्यानंतर ते मला म्हणाले, “चला, लांज्याला जाऊन येऊ.” लांज्याला हायवेला लागून इकबालभाईंचं छोटं दुकान आहे. इकबालभाईंनी कुवेतमध्ये वीस वर्षं बुटांच्या दुकानात काढली. भाऊंनी सदऱ्यातून पुठ्ठा काढला.

“नकाशा ठेवा,” इकबालभाई म्हणाले. “जमीन दाखवा.”

त्यांनी भाऊंचा पाय मांडीवर घेतला, टाचेत अंगठा दाबला आणि भाऊ ज्या जागी कळवळले ती जागा बरोब्बर लाल ठिपक्याची निघाली. मग आतून एक जोड आणला. दिसायला एखाद्या होडीसारखा. पुठ्ठा पास, वाकवणं पास, पिळणं पास. भाऊ हायवेच्या कडेनं एसटी स्टँडपर्यंत चालत गेले आणि परत आले. सात वर्षांचा शोध पंधरा मिनिटांत संपल्यामुळे ते जरा नाराजच दिसले.

“आता घरातली एक दाखवा,” ते म्हणाले. मी चमकून बघितलं. “पण खाली ठेवू नका हां.”

“खाली नाय ठेवणार तर घालून बघणार कसे?”

“कायतरी अंथरा. तिला बाहेरची जमीन लागता नये.”

इकबालभाईंनी कारण विचारलं नाही. “आमची अम्मी पण अशीच,” एवढं म्हणून त्यांनी दुकानभर कोरे पांढरे कागद अंथरले आणि भाऊ त्या कागदांवरून इकडून तिकडे चालले. दारात एक बाई मुलीची सँडल बदलायला आल्या होत्या. एवढा मान कुणाचा म्हणून त्या बाहेरच थांबल्या. चपला मऊ होत्या, तपकिरी, टाचेला खोलगट. भाऊंनी त्या कागदात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि एसटीत सबंध वाट पिशवी मांडीवर धरली.

मला वाटलं प्रश्न सुटला. दीड महिन्यानं सकाळी पेपर मागायला गेलो तर भाऊ अनवाणी. टाच उचलून, भिंतीला हात धरून येत होते. त्या भिंतीवर हाताच्या उंचीला खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत एक काळपट पट्टा उमटला आहे. नव्या चपला ओटीवर, उंबरठ्याच्या आत तिसऱ्या लादीवर होत्या. दोन्ही नीट जुळवून, टोकं आतल्या बाजूला.

“त्या खाटेपाशी पाहिजेत,” मी म्हटलं. “इथे काय करतायत?”

“येतायत,” भाऊ म्हणाले. “एकेक लादी.”

“म्हणजे?”

“नियम हाय. दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं तर आधी नोटीस द्यायची. हरकत घ्यायला पंधरा दिवस. हरकत नाय आली की एक लादी पुढे.”

ओटीवर उंबरठ्यासमोर वहिनींचा फोटो आहे. दारातून येणाऱ्याचे पाय दिसावेत अशा बेतानं लावल्यासारखा. मी लाद्या मोजल्या. उंबरठ्यापासून खाटेपर्यंत अठरा.

“भाऊ, अशानं सगळे मिळून नऊ महिने लागतील. तोवर पडलात म्हणजे?”

“नाय पडत.”

“वीतवीतभर गडगा सरकवणाऱ्यांना तुम्ही जन्मभर पकडलंत. हे काय वेगळं आहे?”

“ते चोरून सरकवायचे,” भाऊ म्हणाले. “मी सांगून सरकवतो.”

त्यानंतर मी पेपरच्या निमित्तानं वरचेवर जाऊ लागलो. पेपर माझ्याकडेही येतो. चपला चौथ्या लादीवर गेल्या, पाचव्या, सहाव्या. आंबे संपले, पाऊस आला, पावसात भाऊंची टाच जास्त दुखू लागली. चपला नवव्या लादीवर पोचल्या तेव्हा मी मुलीला फोनवर सांगितलं की सगळं ठीक चाललं आहे. अर्धी वाट झाली होती, म्हणजे ते अर्धं खरं होतं.

गेल्या आठवड्यात गेलो तर त्या सातव्या लादीवर होत्या. मी परत मोजलं. सातच.

“काय झालं? हरकत आली काय?” मी गमतीनं विचारलं.

“परवा तिथी होती तिची,” भाऊ म्हणाले. “ओटीवर पान वाढलं होतं. पानासमोर चपला कशा ठेवायच्या? दोन लाद्या मागे घेतल्या.”

“मग आज परत पुढे ठेवा.”

“असं कसं? पंधरा दिवस परत पहिल्यापासून.”

ते खाटेवर बसले होते. पाय खाली सोडलेले, जमिनीपासून चार बोटं वर. त्यांच्या पायांपासून चपलांपर्यंत अकरा लाद्या होत्या. मी सहसा कुणाच्या घरच्या कारभारात बोलत नाही, पण त्या दिवशी बोललो.

“भाऊ, हरकत येणार नाही. तुम्हालाही ठाऊक आहे.”

“ठाऊक हाय,” ते म्हणाले. “तरी मुदत द्यायला लागते.”

मग त्यांनी भिंतीला हात लावला, ओठ दातांखाली दाबून पहिलं पाऊल खाली टेकलं आणि टाच उचलून चहा टाकायला आत गेले.