खापर शाबूत

इंदू अक्का कुणाला "कसे आहात" असं विचारत नाहीत. नवा शेजारी असो, कुणाची नवी सून असो की मीटर बघायला आलेला माणूस असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुमना घर गहू कोनता शे?" उत्तरावरून माणसाची किंमत ठरते. लोकवन म्हणालात तर आत या, बसा. तयार पीठ आणतो म्हणालात तर पाणी मिळेल, चहाची आशा धरू नये. धुळ्यात देवपूरला आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या दिवशी, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा मी या प्रश्नापुढे नापास झालो. बायकोनं, म्हणजे मीनानं, मागून "लोकवन" म्हटलं आणि घराची अब्रू वाचवली.

गव्हाची ही चौकशी उगाच नव्हती. अक्का मांडे करायच्या. खानदेशाबाहेरच्या वाचकाला नुसत्या या वाक्यानं काही कळायचं नाही. पुरण भरलेला उंडा थोडा लाटायचा, मग उचलून हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर टाकत, फिरवत फिरवत वाढवायचा. अक्कांच्या हातावर तो मनगटापासून कोपरापर्यंत पसरायचा. इतका पातळ की खालची बांगडी दिसावी. आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर तो असा अलगद पडायचा की एक सुरकुती नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाण्याचा पेला तोंडाशी तसाच धरून उभा राहिलो होतो. शेवटी मीनानं तो काढून घेतला.

लग्नसराईत त्यांना पारोळ्यापासून दोंडाईचापर्यंत बोलावणं असायचं. नवरा, म्हणजे एसटीत ड्रायव्हर असलेले नाना, गेल्यापासून त्यांचं घर याच कमाईवर चालायचं. दुसऱ्याच्या खापरावर मात्र त्यांचा हात चालत नसे. स्वतःचं काळंकुळकुळीत खापर जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन त्या निघायच्या. तान्ह्या पोराला एवढं कुणी जपत नसेल.

अपघात झाला तो अक्का अशाच पारोळ्याच्या एका लग्नाला निघाल्या असताना. रिक्षाला मागून टेम्पोनं धडक दिली, रिक्षा कलंडली. अशा वेळी माणूस आपोआप हात टेकतो. अक्कांनी टेकला नाही. दोन्ही हातांनी खापर छातीशी धरलं आणि सगळा भार घेऊन उजव्या कोपरावर पडल्या. कोपर गेलं, मनगट गेलं. खापराचा टवकासुद्धा उडाला नाही.

मी दवाखान्यात धावत गेलो तेव्हा स्ट्रेचरवरून त्यांनी डाव्या हातानं खूण केली. "सर, पहिले खापर दखा." पोलीस जबाब घ्यायला आले तर त्यांच्यामागे एकच धोशा: "खापर शाबूत शे, हाई बी लिखा." हवालदार बिचारा भला होता. त्यानं लिहिलं.

भरपाईचा दावा लावायला आम्ही महाजन वकिलांना गाठलं. कागद वाचता वाचता ते म्हणाले, "अक्का, हे खापर फुटलं असतं तर आपली बाजू जरा भक्कम झाली असती." अक्कांनी त्यांच्याकडे खालून वर पाहिलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, तुमना घर गहू कोनता शे?" त्यानंतर हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून बरेच दिवस ऐकला नाही.

प्लॅस्टर निघालं, हाडाला बसवलेली लोखंडी पट्टी आतच राहिली. हात वर जायचा, पेला धरायचा, पण तळहात काही उलटा-सुलटा होईना. आणि मांड्याचं सगळं गणित तर त्या वळण्यातच. टेम्पोच्या विमा कंपनीचं म्हणणं होतं की बाई घरकाम करते, हात बरा झालेला आहे, मांडे ती आजही करू शकते. भरपाई मिळाली नसती तर अक्कांना घराला कुलूप लावून सुरतेला मुलीकडे जावं लागलं असतं. मुलगी गुणी आहे, जावई चांगला आहे. पण चौथ्या मजल्यावर घर, चूल मांडायला जागा नाही, आणि अक्कांच्या मते तिथला गहू म्हणजे नुसता भुसा.

मध्येच आखाजी आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला घागर भरतात आणि गेलेल्या माणसाच्या नावानं एका जिवंत माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. त्याला पितर म्हणायचं. नानांचा पितर दरवर्षी मी, आणि या पदाचा मला अभिमान आहे, कारण पितराला पहिला मांडा मिळतो. त्या वर्षी मात्र अक्कांनी आधीच सांगून टाकलं, "सर, यंदा मांडा नही. वरन-भात शे." आमच्याही घरी मीनानं साध्या पुरणपोळ्याच करायला घेतल्या होत्या. शेजारी मांड्यांचा नुसता विषय निघाला तरी अक्कांना वाईट वाटेल, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

मी पाटावर बसणार तेवढ्यात दारात एक माणूस आला. काखेत बॅग, पायात धुळीनं माखलेले बूट. म्हणाला, "मी दोंडाईचाचा. घरात लग्न निघालंय. अक्का, तुम्ही अजून मांडे करता का?"

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बठा आठे." आणि माझ्या पाटाकडे बोट दाखवलं. मला बाजूला सरकावून एका परक्या माणसाला नानांचा पितर करण्यात आलं. मीनाकडून पुरण आणि कणीक मागवली गेली. चूल पेटली. किती तरी महिन्यांनी खापर लुगड्यातून बाहेर आलं.

पुढं जे पाहिलं ते मी विसरू शकत नाही. हात वळत नव्हता, म्हणून अक्कांनी स्वतःच वळायला सुरुवात केली. उंडा हातावर जागच्या जागी आणि अक्का कमरेतून, खांद्यातून, टाचांवरून फिरताहेत. ओठ दाताखाली, कपाळावर घाम. मीना पुढं झाली तर तिला डोळ्यांनीच बसवलं. मांडा खापरावर पडला. मग दुसरा. मी पंचपक्वान्नांच्या पंगतीत जेवलोय, पण एवढ्या अदबीनं कधी जेवलो नाही. आमरसाबरोबर खाल्ला आणि "वा, झकास" म्हणालो. तो माणूस खाली मान घालून जेवला, आणखी अर्धा मागून घेतला, जाताना अक्कांच्या पाया पडला.

तो विमा कंपनीचा तपासनीस होता हे आम्हाला कोर्टात कळलं. सणाच्या दिवशी माणूस घरी सापडतो आणि बेसावध असतो, म्हणून मुद्दाम आखाजी निवडलेली. "मेला आमचंच पुरण खाऊन गेला," मीना माझ्या कानाशी म्हणाली.

कंपनीच्या वकिलांनी अक्कांना विचारलं, "आखाजीला तुम्ही मांडे केलेत, हे खरं आहे का?"

"हा, कयात."

महाजन वकिलांनी कपाळाला हात लावला.

"स्वतःच्या हातानं?"

"मंग काय दुसराना हातघाई?"

"काही त्रास झाला का?"

"पाव्हना पाटवर बठेल व्हता," अक्का म्हणाल्या. "तरास कसाना?"

आपल्या दाव्याचं एवढं चोख वाटोळं करताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. एक शब्द, नुसता "दुखलं" म्हणाल्या असत्या तरी पुरे होतं. पण पाहुण्याला वाढलेल्या घासाबद्दल तो शब्द त्यांच्या तोंडातून निघणार नव्हता. मला चीड येत होती आणि त्याच वेळी उठून नमस्कार करावा असंही वाटत होतं.

मग तपासनीस साक्षीला उभा राहिला. मांडे केले, मी पाहिले, खाल्ले, एवढं सांगून तो थांबला. महाजन वकिलांकडे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते उभे राहिले, घुटमळले आणि खानदेशी माणूस विचारील तेच त्यांनी विचारलं. "मांडा कसा झाला होता?"

तपासनिसानं एकदा कंपनीच्या वकिलांकडे पाहिलं, एकदा अक्कांकडे. "साहेब, शपथ घेतलीय म्हणून सांगतो," तो न्यायाधीशांना म्हणाला. "चांगला नव्हता. एका बाजूनं जाड होता, मध्ये फाटलेला. माझ्या बहिणीच्या लग्नात यांच्या हातचे मांडे मी खाल्लेत. तो हात आता राहिलेला नाही."

"जाड नव्हता तो," मागून अक्कांचा आवाज आला.

"अक्का, खाली बसा," महाजन वकील दबक्या आवाजात म्हणाले.

"फाटेल बी नव्हता."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. दावा जिंकून देणारा साक्षीदार विरुद्ध बाजूचा आणि त्याला खोटं पाडायला निघालेली बाई अर्जदार, असा प्रसंग त्यांच्यासमोर पूर्वी आला नसावा.

निकाल आमच्या बाजूनं लागला. अर्जदाराचा हात पूर्वीसारखे मांडे करू शकत नाही, हे कोर्टानं मान्य केलं. सुरतेला जाणं टळलं. वकिलांनी पेढे वाटले. अक्कांनी पेढा रुमालात बांधला आणि रिक्षात येऊन बसल्या.

पांझरेचा पूल ओलांडल्यावर त्या बाहेर बघतच म्हणाल्या, "सर, तुमीन बी खादा व्हता. खरं सांगा. जाड व्हता का?"

मी म्हणालो, "थोडासा. एका बाजूनं."

त्यांनी मान हलवली. "माले म्हाईत व्हतं," म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा बोलल्या, "हाऊ कंपनीना माणूस शे, हाई बी माले दरवाजामाच समजनं व्हतं. लगीनघरना माणूस असा बॅग लिसन येस का?"

मी थक्क होऊन त्यांच्याकडे पाहिलं. "मग कशाला केलेत मांडे? सगळा दावा बुडाला असता."

अक्कांनी उजवा हात मांडीवर घेतला, खापर घ्यायच्या तसा. "हात मोडना तवपासून बठ्ठा गावमा कोनी म्हनं नही, अक्का, मांडा करा. कोनीच नही. हाऊ एकलाच म्हना."

घरी आल्यावर मी मीनाला हे सांगितलं. तिनं ओट्यापाशी हात पुसले. मग मागच्या दारी गेली आणि भिंतीवरून हाक मारली. "अक्का, रविवारी आमच्याकडे मांडे करायचेत. मला एकटीला जमायचे नाहीत. डावा हात तुमचा, उजवा माझा, असं करू. याल का?"

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मीनानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आपण उगाच दुखावलं की काय, असं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात भिंतीपलीकडे बांगड्या वाजल्या.

"गहू कोनता शे?" अक्कांनी विचारलं.