गोदामातला पापड

रमणभाई कच्च्या मालाच्या गोदामात भाजलेला पापड टांगायचे. खायला नव्हे, हवा बघायला.

तलासरीला हायवेवर आमचा कारखाना. व्हिटॅमिनच्या गमी, म्हणजे जेलीच्या गोळ्या बनतात. मी गंजाड गावचा, दुसरीपर्यंत शिकलेला हमाल. पण गोण उचलली की किलोभर कमी असली तरी सांगतो. काटा नंतर तेच बोलतो. रमणभाई स्टोअरकीपर. भिंतीवर दमटपणा मोजायचं मीटर होतं, तरी दर सोमवारी कपाटामागच्या खिळ्याला त्यांचा नवा पापड.

"काका, मीटर पगारी माणूस. पापड घरचा," ते मला म्हणायचे.

दुसरं त्यांचं वेड, "आधी जुना, मग नवा." जुनी गोण संपल्याशिवाय नवीला हात लावू देत नसत. हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या पाड्यावर नवा भात देवाला दाखवेपर्यंत जुनाच खातात. पण रमणभाई थर्मासमधला सकाळचा गार चहा संपवल्याशिवाय ताजा चहाही घेत नसत.

सोळा सालच्या पावसाळ्यात माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला यायची होती. मॅनेजरने आदल्या दिवशीच दम दिला, "गोदामात तो पापड दिसला तर तुम्ही कायमचे घरी."

तपासणीच्या सकाळी मीटर म्हणत होतं चाळीस, सगळं ठीक. पापड मात्र ओल्या रुमालासारखा लोंबत होता.

"पेक्टिन देणार नाही," रमणभाई म्हणाले. पेक्टिन म्हणजे जेली घट्ट करणारी पूड. दमट हवेत गोण उघडली की तिच्या गुठळ्या होतात.

"मीटर बघा ना!" मॅनेजर ओरडला.

"मीटर खोटं बोलतंय."

"पुरावा?"

पुरावा खिळ्यावर होता आणि दाखवता येत नव्हता.

मॅनेजर पाहुण्यांना घ्यायला पळाला. रमणभाईंनी पापड काढला आणि तसेच उभे राहिले. आमच्या डगल्यांना खिसे नसतात, नियमच आहे तो. दाराबाहेर बोलणं ऐकू आलं. मी पापड ओढून घेतला आणि अख्खा तोंडात कोंबला. कुरकुरीत असता तर साऱ्या गोदामाला ऐकू गेला असता. मऊ पडला होता म्हणून वाचलो.

"काय नाव तुमचं?" तपासणीवाल्या बाईंनी नेमकं मलाच विचारलं. मी मान हलवली.

"मॅडम, तुमचं मीटर लावून बघता?" रमणभाई मध्येच बोलले.

बाईंचं मीटर अडुसष्टवर गेलं. हवा सुकवायचं यंत्र बंद पडलं होतं. माल वाचला, नोकरीही. मॅनेजर म्हणाला, "मी तेच सांगत होतो!"

पुढच्या सोमवारी खिळा रिकामा. मी विचारलं तर त्यांनी बाहेरच्या टेबलाच्या खणातून डबा काढला. प्रत्येक पिंपाला असतं तसं त्याला कार्ड. आवक, जावक, शिल्लक. आकडे मला वाचता येतात. शिल्लक शून्य.

"बायकोच्या हातचे. ती गेली तेव्हा एकशेचार होते."

"आधी सांगायचं ना! मी गिळला नसता."

"मग मी घरी बसलो असतो, काका. घरी काय आहे?"

मी माझ्या म्हातारीकडून नागलीचे पापड करवून आणले. रमणभाईंनी वास घेतला, पुडी बांधली आणि वर पिवळी चिठ्ठी लावली, म्हणजे 'तपासणी बाकी'. चार सोमवार गेले. चिठ्ठी तशीच. माझं डोकं फिरलं.

"माझ्या घरचा माल नापास करता?"

त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. तळाला चिमूटभर चुरा होता.

"जुना संपला नाही अजून, काका."