सुधारणेत गेलेली सावली

तैपेईत गल्लोगल्ली ग्राफिक्स कार्ड विकणारे भेटतील. पण थकलेलं, पंख्याला खोकला लागलेलं कार्ड पेचकसाला हातही न लावता पळवून दाखवणारा माणूस पाहायचा असेल, तर मंडळी, तो मी! गर्व नाही, पेशाच तो. कार्ड म्हणजे रेडा, संगणक म्हणजे त्याचा मालक, आणि ड्रायव्हर म्हणजे मालकाची रेड्याला कळणारी शीळ. शीळ सुधारली की चिखलात बसलेला तोच रेडा शर्यतीत धावतो. अशा शिळा सुधारायचं काम आमचं ऑफिस करतं.

एवढं शास्त्र शिकलेले आम्ही लोक, तरी प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या खाऊची एक पुडी ठेवतो. यंत्रानं शहाण्या लेकरासारखं वागावं म्हणून. पुडी हिरवीच हवी, तारीख उलटलेली नको, आणि कितीही भूक लागली तरी फोडायची नाही. हसू नका. आमचे साहेब देवळात जात नाहीत, पण पुडीची तारीख रोज बघतात.

तर अशा मला, नदीपलीकडे सानचोंगला राहणाऱ्या माझ्या बाबांच्या संगणकाची भारी लाज वाटायची.

आई आणि बाबा दोघांनी सारी उमर सर्किट बोर्डांच्या कारखान्यात काढली. बाबा कथलाचा डाग द्यायचे, आई तपासायची. भिंगाखाली बोर्ड धरायचा, चूक दिसली की तिथे नखाएवढा लाल बाण चिकटवायचा, हे तिचं काम. सवय इतकी अंगात भिनलेली, की घरीसुद्धा बाबांच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर तिथे लाल बाण दिसायचा. बोलायची कमी, बाण लावायची फार.

निवृत्तीनंतर दोघांना एका खेळाचं वेड लागलं. खेळ कसला, एक गाव होतं ते. गावात शेत, शेताशी तळं, तळ्यात लाकडी धक्का, आणि धक्क्यावर गळ टाकून बसलेली दोन माणसं, एक आईचं, एक बाबांचं. दिवस मावळला की दोघं पडद्यासमोर मासे धरत बसायची. गेल्या हिवाळ्यात आई गेली. बाबा मात्र रोज संध्याकाळी खेळ लावत राहिले. चित्र असं चाले, जसा संधिवाताचा म्हातारा जिना चढतो. माशानं गळाला तोंड लावलेलं दिसेपर्यंत खरा मासा कधीच निघून गेलेला!

म्हटलं, बाबांना आता उरलंय काय? एवढं एक तळं. ते तरी नीट वाहू दे.

रविवारी बाबा बागेत व्यायामाला गेलेले पाहून मी बसलो आणि आमचा नवाकोरा ड्रायव्हर घातला. माझ्या हातचा! बाबांच्या संगणकावरही मीच ठेवलेली पुडी जुनी झाली होती, ती बदलावी म्हणून खाली दुकानात गेलो. हिरवी संपली होती. पिवळी घेतली. चालतं म्हटलं. खेळ लावला, आणि काय सांगू, पाणी झुळझुळायला लागलं, गवत डोलायला लागलं, पाखरं अशी उडाली की माझा मलाच हेवा वाटला.

बाबा आले. उभ्यानंच पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "भरभर चालतंय," आणि विचारलं, तू जेवलास का. मी शीळ घालत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ताईचा फोन. ताई दूर दक्षिणेला काऊश्युंगला असते, आणि तिची काळजी तिच्याआधी पोचते.

"आ-जुन, बाबा म्हणतात ती गेली. परवापर्यंत संध्याकाळी तळ्याकाठी शेजारी बसायची, आता नाही. कोण रे ती?"

मी गार. आईला जाऊन वर्ष नाही झालं! ताईनं तोवर सगळं जुळवलं होतं. बाबा रोज सकाळी कोपऱ्यावरच्या न्याहारीच्या टपरीवर जातात, टपरीवाल्या लो काकू विधवा, बागेत तळं आहे. झालं! ताई वेगवान रेल्वेनं निघाली आणि मला हुकूम सुटला, आधी काकूंना गाठ, कुठे गेल्या शोध.

काकू कुठेच गेल्या नव्हत्या. तव्यावर मुळ्याच्या वड्या परतत होत्या. मी चाचरत विचारलं, बाबांशी काही बिनसलं का? त्यांनी उलथनं थांबवून मला नखशिखांत न्याहाळलं.

"तुझे बाबा माझ्याशी दोनच शब्द बोलतात, बाळा. 'गरम' आणि 'कमी गोड'. यात बिनसायला काय आहे? पण आज आले नाहीत. त्यांना हे दे."

हातात वड्यांचा डबा आणि तोंडावर टपरीभर लोकांचं हसू घेऊन मी घर गाठलं. ताई येऊन बसली होती. बाबांनी संगणकावर आईचा ओढणीएवढा जुना रुमाल पांघरून ठेवला होता, जसा आपण गेलेल्या माणसाच्या तोंडावर ओढतो.

ताईनं विचारलं, कोण ती, बाबा. बाबांनी रुमाल काढला, खेळ लावला आणि धक्क्याकडे बोट केलं. तिथे पडद्याच्या काचेवर एक लाल बाण चिकटवलेला होता. नखाएवढा. बाणाचं टोक स्वच्छ, चकाकत्या, रिकाम्या पाण्यावर.

"इथे तुझ्या आईची सावली असायची," ते म्हणाले.

आई शेवटची खेळली तेव्हा तिनं आपलं माणूस धक्क्यावरच सोडलं होतं. दवाखान्यात जायची घाई होती. बरेच दिवस कुणी हलवलं नाही, म्हणून खेळाच्या नियमानं ते माणूस नाहीसं झालं, पण सावली काही हलली नाही. टोपीची, गळाच्या काठीची, पाण्यावर तशीच. बाबा रोज आपलं माणूस तिच्याशेजारी नेऊन बसवायचे. लाल बाण त्यांनीच लावला होता, तिच्या पद्धतीनं.

मी लगेच पिवळ्या पुडीवर घसरलो. हिरवी आणतो, म्हटलं, मग बघा! कारण माझ्या ड्रायव्हरात खोट? शक्यच नाही!

"पुडीला कशाला बोल लावतोस," बाबा हळूच म्हणाले.

आणि मला एकदम आठवलं. महिन्याभरापूर्वी कुण्या परदेशी खेळाडूची तक्रार आली होती, जुन्या कार्डावर माणूस निघून गेलं तरी सावली मागे राहते. ती चूक कुणालाच सापडत नव्हती. मी शोधली. मी पुसली. ऑफिसानं टाळ्या वाजवल्या, साहेबांनी सगळ्यांना दुधाचा चहा पाजला.

"बाबा, ती चूक होती," मी कसाबसा म्हणालो. "ती आई नव्हती."

"ठाऊक आहे मला. बोर्डांत जन्म गेला माझा. चूकच होती. पण चुकून का होईना, राहिली होती."

ताईनं तोंड फिरवलं. मी खाली बसलो, माझी सुधारणा माझ्याच हातानं काढली आणि जुना ड्रायव्हर घातला. संकेतशब्द पुन्हा पुन्हा चुकला. मग खेळ लागला. रखडत, अडखळत, धापा टाकत. आधी आभाळ आलं. मग गवत, एकेक पान. मग धक्का. मग नुसतं पाणी, आणि आम्ही तिघंही श्वास धरून.

आणि बाणाच्या टोकाशी टोपीची सावली उमटली.

बाबांनी आपलं माणूस अडखळत तिच्या शेजारी नेलं, गळ टाकला, आणि डब्यातली गार वडी तोडून खाल्ली.

निघताना मी संगणकाची इंटरनेटची तार काढून खिशात घातली; खेळाला ती लागत नव्हती. सगळ्या जगात माझी सुधारणा जाऊ दे, या एका घराच्या उंबऱ्याबाहेर ती थांबली पाहिजे. बाबांनी दारात माझ्या पाठीवरून हात फिरवला. असा हात त्यांनी कधी फिरवला नव्हता, म्हणून मी गहिवरलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जिकडे जाईन तिकडे मागून खसखस. अखेर साहेबांनी माझ्या कोटाच्या पाठीवरून काहीतरी सोलून माझ्या हातात ठेवलं. नखाएवढा लाल बाण.

"हे काय?" ते म्हणाले.

"चूक सापडली आहे, साहेब," मी म्हणालो, आणि बाण परत पाठीवर लावून घ्यायला गेलो. हात पुरेना.