टक् झालं की स्वस्त

"वीज स्वस्त कधी होते ते मला विचारा," असं लुडविक गावभर सांगत फिरायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दारामागच्या मीटरच्या पेटीत टक् असा आवाज झाला की दर उतरला, पुन्हा टक् झाला की चढला. आमच्या मोराव्हियात हे घरोघरी चालतं, पण लुडविकसारखा कान कुणाचा नाही. टक् झाल्याशिवाय त्याच्या बायकोने, ब्लांकाने, जन्मात कधी कपडे धुवायचं मशीन लावलं नव्हतं की ओव्हन पेटवला नव्हता. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पाहुणे काटे-सुऱ्या हातात धरून बसले होते आणि बदक ओव्हनमध्ये कच्चं होतं, कारण टक् व्हायचा होता.

मग कोळशाचा बॉयलर काढायची वेळ आली. अंगणात विजेवर घर तापवणारा उष्णतेचा पंप बसला. पंपवाल्यांना विजेचा वेगळा सवलतीचा दर मिळतो, तो कुठला घ्यायचा यावर लुडविकने आठवडाभर डोकं लढवलं आणि एके दिवशी स्वयंपाकघरात येऊन छाती फुगवून उभा राहिला.

"वीस तास स्वस्त! महाग फक्त चार, तेही एकेक तास सुटा. तेवढा वेळ पंप आपला आपण थांबतो. आणि हा दर अख्ख्या घराला."

"म्हणजे मी भर दुपारी डुकराचं मांस भाजू शकते?"

"वाटेल तेव्हा भाज."

ब्लांकाला ते खरंच वाटेना. पण तिचा जीव अडकला होता दुसरीकडेच. तिची मुलगी इवोना दोन महिन्यांच्या आनेश्काला घेऊन नाताळला पहिल्यांदाच यायची होती. फोनवर इवोनाने स्पष्ट सांगितलं होतं, "आई, घर गरम असलं तरच येऊ. नाहीतर मिलानच्या आईकडे जातो. त्यांच्याकडे फरशीसुद्धा गरम असते." विहीणबाईंची ती गरम फरशी ब्लांकाच्या डोक्यात जाऊन बसली होती. नात आधी त्या फरशीवर लोळणार, या विचाराने तिला जेवण जाईना.

पहिला आठवडा छान गेला. पंप घुंईघुंई करत होता, घर उबदार होतं, आणि लुडविक सदरा काढून नुसत्या बनियनवर हिंडत होता.

मग शनिवारी ब्लांका कटलेटसाठी मांस कुटायला बसली. लाकडी हातोडा, जाड फळी आणि विहीणबाईंचा राग. त्या धडाधडीत मीटरच्या पेटीतला एक टक् झाला आणि विरून गेला. लुडविकला तो ऐकूच आला नाही. बस्स, एवढंच झालं. तिथून पुढे त्याच्या हिशेबात स्वस्त ते महाग झालं आणि महाग ते स्वस्त.

पुढचा टक् झाला तशी त्याने हाळी दिली, "ब्लांका, महाग झाली! सगळं बंद!" आणि त्याच क्षणी अंगणातला पंप घुंई करत सुरू झाला.

"अरे, हा कसा काय चालू झाला?"

"तूच म्हणाला होतास ना, महाग झाली की थांबतो म्हणून?"

"थांबायला हवा. बसवणाऱ्यांनी तारा उलट्या जोडल्या असणार," असं म्हणत लुडविकने जाऊन त्याचं बटण बंद केलं.

मग बऱ्याच वेळाने टक् झाला. लुडविक धावत गेला, बटण चालू केलं. पंप ढिम्म हलेना. महाग तासात तो थांबतो, तसा तो शहाण्यासारखा थांबला होता. पण हे लुडविकला कोण सांगणार?

"कामचुकार आहे लेकाचा," लुडविक म्हणाला. "स्वस्तात काम करायला नको याला. दर चढला की बरोबर उठतो."

"कंपनीला फोन कर."

"मी? टक् बद्दल मी फोन करून विचारू? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

घर निवत चाललं. ब्लांकाची तर वेगळीच तारांबळ. लुडविकच्या मते स्वस्त वीज दिवसातून चारदाच, तीही एकेक तास, मग त्यात धुणं, इस्त्री, सूप आणि नाताळची बिस्किटं, सगळं एकदम. व्हॅनिलाच्या चंद्रकोरींचा ट्रे ओव्हनमध्ये जातोय न जातोय तोच टक्. "बंद कर!" निम्म्या चंद्रकोरी कच्च्या, निम्म्या त्याहून कच्च्या. मग पाच-पाच तास दोघं ओव्हरकोट घालून, थंड चहाचा कप धरून अंधारात बसायची.

"वीस तास म्हणाले होते," लुडविक पुटपुटला, "आणि देतात चार. लबाड लोक."

"लुडविक," ब्लांका म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला, "पोर उद्या येतंय. या थंडीत मी त्याला कुठे ठेवू? इवोना दारातूनच परत फिरेल. मला नातीला एकदा मांडीवर तरी घेऊ दे रे."

चाळीस वर्षांत बायकोने त्याच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. त्याला मनापासून वाईट वाटलं. सकाळी उठून त्याने गाडीला ट्रॉली जोडली. भाऊ आलोइसच्या डोंगरातल्या झोपडीत एक जुनी लोखंडी शेगडी पडून होती, लाकडावर चालणारी. "आणतोच," म्हणाला आणि निघाला. नुकताच एक टक् झाला होता, त्याच्या हिशेबाने स्वस्तातला, म्हणून पंपाचं बटण त्याने चालूच ठेवलं.

वाटेत बर्फ. आलोइस म्हणाला सूप पिऊन जा. शेगडी निघता निघेना, मग ट्रॉलीचं चाक रुतलं. परत यायला संध्याकाळ झाली. अंगणात मुलीची गाडी उभी होती. शेगडी त्याने छातीशी कवटाळली, दार ढकललं आणि आत पाऊल टाकताच त्याच्या चष्म्यावर वाफ धरली.

घर उबेने भरलं होतं. इवोना अनवाणी फिरत होती. आनेश्का नुसत्या झबल्यावर पाय उडवत होती आणि ब्लांकाचे गाल लाल झाले होते.

"पंप दुरुस्त करायला कोण आलं होतं?" लुडविकने विचारलं.

"कुणी नाही."

"मग तू काय केलंस?"

"काही नाही केलं. तू घरात नव्हतास."

लुडविकने शेगडी खाली ठेवली. बाहेर पंप खुशीत घुंईघुंई करत होता. "म्हणजे दिवसभर महाग विजेवर चालू ठेवलात?" म्हणत तो दारामागच्या पेटीकडे निघालाच होता, तोच इवोनाने त्याला खांद्याला धरून आरामखुर्चीत बसवलं आणि आनेश्काला त्याच्या छातीवर पालथं टाकलं.

"जरा धरा बाबा. आत्ताच डोळा लागतोय तिचा."

पोरीने त्याच्या सदऱ्याची गुंडी मुठीत पकडली, एक जांभई दिली आणि झोपली. लुडविक श्वाससुद्धा जपून घेऊ लागला. इतकं हलकं आणि इतकं गरम काही त्याने कित्येक वर्षांत छातीशी धरलं नव्हतं.

टक्.

लुडविकचा पाय हलला.

"उठलास तर ती उठेल," ब्लांका शांतपणे म्हणाली.

पाय पुन्हा जागेवर आला. थोड्या वेळाने पुन्हा टक् झाला. लुडविकने नुसते डोळे मिटले. पंप आपल्या मनाने थांबला, आपल्या मनाने चालू झाला, ओव्हनमधून भाजल्याचा वास आला आणि घरात कुणीही "बंद कर" म्हणालं नाही.

इवोना ताटं मांडता मांडता म्हणाली, "आई, आम्ही परत कधी निघायचं?"

ब्लांकाने आरामखुर्चीकडे एकदा नीट पाहिलं.

"थंडी संपली की," ती म्हणाली.